उद्याच्या तारखेची चटणी

माझं तोंड वाईट हाय. आमच्या हितल्या भवानी पेठेत, पुण्याच्या न्हवं, कुणालाबी इचारा, अंबुबाईचं घर कुटं म्हणून. माणूस बोट दावायच्या आधी कान देतंय, आन् जिकडनं आवाज येतोय तिकडं पाठवून देतंय. आमचे मालक, धुळाप्पा, हयात हुते तवा म्हणायचे, "हिला सांगोल्याच्या माळावर सोडली असती तर मेंढरांमागं कुत्रं ठेवायची गरज न्हवती." गेले बिचारे. पण ह्या तोंडानं मी दुसऱ्यावर सरकारी गाडी सोडायला गेले आन् ती आपल्याच दारात आणून उभी केली, एवढी मज्जा बघायला ते ऱ्हायले न्हाईत.

आमच्या घरात शेंगाची चटणी करून इकतात. धंदा सुनंचा, रुपालीचा. लायसन तिच्या नावावर, लेबलावर पत्ता तिचा, उखळातलं मुसळबी तिचंच. आदी ती शाळंचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची. मशिनीवर वाकून वाकून पाठ अशी धरली की सकाळी अंथरुणातनं उठताना भिंतीला धरायची. चटणी सुरू केली आन् तिनं ती मशीन सोडली.

आन् माझ्याकडं काय? दाणे निवडायचे, सगळ्यांवर वरडायचं, आन् पुडीवर तारखेचा शिक्का मारायचा. शिक्का मी मागूनच घेतला. बारकं रबरी यंत्र हाय, आकडे फिरवायचे आन् ठप्प करून दाबायचं. ते हातात घेतलं की मला तहसीलदार झाल्यागत वाटतंय.

आता अवसेचं सांगते, म्हंजे पुढचं डोस्क्यात शिरंल. अवस म्हंजे तुमची अमावस्या. आमच्या माहेरी अवसेला मेंढरांचा तळ हलवत न्हाईत, नवं काय काढत न्हाईत, कुणाला काय देत न्हाईत. मी तर लहानपणापासनं सगळं वाईट अवसेच्याच पदरात घातलेलं. पोरगा धाव्वीला नापास झाला, अवस. छत गळलं, अवस. मालक गेले ते पुनवेला, तरी मी म्हणलंच, पंदरा दिवस आदी अवस हुती की! रुपाली ह्यातलं काय मानत न्हाय. ती अवसेलाबी मुसळ उचलायची. भांडून भांडून शेवटी मीच मधला रस्ता काढला. काम करा बाई, पण पुडीवर अवसेची तारीख नको. मी शिक्क्याचा आकडा एक पुढं सरकवायची. देवाला कळतंय ते कळू द्या, पुडीला कशाला कळायला पायजे? रुपाली मला, सासूला, आत्या म्हणती; दोनदा बोलली, "आत्या, हे बरं न्हाय." तिसऱ्यांदा मी तिला बोलूच दिलं न्हाय.

तर त्या महिन्यात पुण्याच्या एका दुकानदारानं पयल्यांदा मोठी मागणी दिली. माल ठरल्या दिवशी संध्याकाळच्या बसला चढला पायजे, न्हाय चढला तर दुसऱ्याकडनं घेतो, असं त्यानं फोनवर सरळच सांगितलेलं. आन् ठरला दिवस नेमका अवसेचा. रुपाली चटणी कुटता कुटता मला म्हणली, "आत्या, हे गिऱ्हाईक टिकलं तर आपलं टिकलं. न्हायतर मी परत त्या मशिनीवर."

एवढं सांगूनबी माझं ध्यान कुटं? समोरच्या गुरुबसप्पावर!

गुरुबसप्पा समोरच्याच बोळात चटणी करतो. माणूस गोड, हसरा, म्हणून मला जास्तच राग. त्याच्या पुडीवर छापलंय, 'हाताने कुटलेली'. आन् त्याच्या घरात दिवसभर मशीन धाडधाड करतीया! माझं जेवताना ताट हलतंय त्या मशिनीनं. एक दिवस गिऱ्हाईक मला म्हणालं, "समोरची बी हातानंच कुटलेली हाय की, आन् स्वस्त हाय." झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकाकडनं अन्न खात्याचा नंबर काढून घेतला आन् फोनवर असं सुनावलं की पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, हळू बोला, ऐकू येतंय." मी म्हणलं, "मला हळू येत न्हाय. तुमी या आन् डोळ्यांनी बघा. लोकं खोटं छापून इकाय लागलीत आन् सरकार झोपलंय व्हय?"

सरकार झोपलं न्हवतं. सरकार त्याच अवसेला, भर दुपारी, आमच्या दारात आलं.

गाडीतनं एक पोरगी उतरली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी, संगं एक शिपाई. राजनंदिनी मॅडम म्हणून अन्न खात्याच्या अधिकारी. मला वाटलेलं मिशावाला साहेब येईल, ही तर माझी नात शोभंल एवढी. मॅडम म्हणाल्या, "तक्रार तुम्हीच केली होती ना, आजी? समोर जायच्या आधी मला जरा सांगा, हाताने कुटलेली चटणी ओळखायची कशी?"

बास. मला कुणी इचारलं की मी गेले कामातनं. मॅडमला आत घेतलं, पाट दिला, चहा टाकला. उखळ दावलं, मुसळ दावलं, रुपालीच्या हाताचे घट्टे दावले. "ही माझी सून. गुढीपाडव्याची पोर हाय," मी छाती काढून म्हणलं. "पाडव्याला जन्मलेली पोरगी बघूनच केली. घरात पाय ठेवला आन् बरकत आली." रुपाली मान खाली घालून खोकी बांधत हुती. मला वाटलं लाजली.

मग मी म्हणलं, "नुसतं बघून काय कळणार? खाऊन बघा!" आन् बसच्या खोक्यातली एक पुडी उचलून स्वताच्या हातानं मॅडमच्या हातावर ठेवली. चोरानं चोरलेलं पोलिसाला भेट द्यावं, तसं.

मॅडमनी पुडी उलटी केली. वाचली. परत वाचली. मग मोबाइलात तारीख बघितली.

"आजी," त्या म्हणाल्या, "ही चटणी उद्या तयार होणार आहे. मग आज माझ्या हातात कशी आली?"

आता इथं शहाण्या बाईनं काय करावं? गप बसावं. चुकून झालं म्हणावं. चक्कर आल्यागत करावं. मी काय केलं? मी हसले. मॅडमला एवढंबी ठावं न्हाय म्हणून मला कीव आली.

"अहो, आज अवस हाय न्हवं!" मी म्हणलं. "अवसेची तारीख कशी टाकायची? आमी एक दिवस पुढची टाकतो. आजच न्हाय काय, दर अवसेला. नेमानं!"

मागं रुपालीनं कपाळाला हात लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

मॅडम हसल्या न्हाईत. पिशवीतनं कागद काढले. म्हणाल्या, पुडीवर तयार केल्याची खरी तारीख पायजे, तो कायदा हाय. खोटी तारीख घातलेला माल कायद्यात मिथ्याछाप माल ठरतो, आन् त्याची केस होती.

"मिथ्या?" माझा आवाज चढला. "शेंगा खऱ्या, मिरची खरी, लसूण खरा, कुटणारे हात खरे, आन् मिथ्या काय?"

"तारीख," मॅडम म्हणाल्या. "समोरच्यांनी शब्द खोटा छापला असेल, तुम्ही दिवस खोटा छापला. कायदा दोघांना सारखाच लागतो."

मला गुरुबसप्पाच्या रांगंत बसवलं! त्यापरीस थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

तेवढ्यात रुपाली पुढं आली. हात पुसत म्हणली, "मॅडम, शिक्का मी मारला. ह्यांना त्यातलं काय कळत न्हाय. माझी चूक हाय."

बघा पोरगी. सासूला वाचवाय लागली. आन् सासू काय म्हणली ठावं हाय? सासू म्हणली, "ही कवा शिक्क्याला हात लावती? शिक्का माझा हाय! हितं माझ्याबिगर कुणी शिक्का मारत न्हाय!" तहसीलदारीण की न्हाय मी. बोलून झाल्यावर कळलं काय बोलले ते. पण तोंडातनं निघालेलं परत कुटं आत जातंय.

मॅडमनी समदं लिहून घेतलं. नोटीस निघणार, सुनावणीला बोलावणार, आन् ते माझ्या न्हाय, लायसनवाल्या रुपालीच्या नावावर. तपासायला पुड्या बाजूला काढून सील केल्या. आन् बाकीच्या खोक्यांकडं बोट करून म्हणाल्या, "हा माल असा बाहेर जाणार नाही."

"मॅडम, संध्याकाळच्या बसला जायचाय," रुपाली म्हणली. तिचा आवाज बारीक झालेला. "न्हाय गेला तर गिऱ्हाईक जातंय. माझं सगळं त्यावर हाय."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "चटणीत मला काही खराब दिसत नाही. माल अजून विकलेला नाही. लेबलं काढा, नवी लावा, आजची खरी तारीख घाला. मी समोरची तपासणी करून येते. सगळं बरोबर असेल तर माल सोडते. नोटीस मात्र राहील."

एवढं बोलून त्या शिपायाला घेऊन गुरुबसप्पाकडं गेल्या. रुपाली तवाच भराभरा लेबलं सोलाय बसली. नवी लेबलं घरात हुतीच. मला म्हणली, "आत्या, शिक्का आणा."

शिक्का मी कंबरेला खोचलेला. तो तिथंच दाबून धरला.

"मी अवसेची तारीख मारणार न्हाय."

"आत्या!"

"न्हाय म्हंजे न्हाय. अवसेचा माल घरातनं भाईर धाडायचा, त्यावर अवसच लिवून? नासंल समदं. पयलंच गिऱ्हाईक हाय तुझं, त्याच्या दुकानाचं वाटुळं हुईल, मग आपलं हुईल. मी तुझ्याच भल्यासाठी सांगती."

खरं सांगते, मला भ्या वाटत हुतं. हसू नका. आयुष्यभर ज्याला भ्यालं ते एका नोटिशीनं जात न्हाय. मला वाटत हुतं, ही तारीख मी मारली आन् पोरीचं काय वाईट झालं तर मी कुणाकडं बघू?

रुपालीनं हातातलं लेबल खाली ठेवलं. ती कवा आवाज चढवत न्हाय, घरात तेवढं काम मी करते. त्या दिवशीबी चढवला न्हाय.

"आत्या, अवसेचं काय आलं घरात तर वाटुळं हुतंय न्हवं?"

"हुतंय."

"मग माझ्यामुळं तुमचं काय वाटुळं झालं तेवढं सांगा."

"तुझा काय संबंध? तू पाडव्याची."

"मी अवसेची हाय."

मला वाटलं चिडून बोलाय लागली.

"पाडव्याच्या आदल्या दिवशीची," ती म्हणली. "आमच्या वळसंगात अवसेला कुणी भीत न्हाय. आमच्यात तर येळ-अवसेला सण करतात, समदं गाव शेतात जेवाय जातं. आई मला कौतुकानं अवसेची म्हणायची. पण तुमी मला बघाय आला आन् चप्पल काढायच्या आधी दारातनंच इचारलं, 'पोर अवसेची न्हाय न्हवं?' घरात तुमचा आवाज घुमला. आईनं आज्जीकडं बघितलं आन् म्हणली, पाडव्याची. एकच दिवस पुढं सरकवला. तुमी सरकवता तसाच. शाळंत तर मास्तरनी एक जून लिवलाय, म्हंजे कागदावरनंबी खोटं धरता आलं नसतं."

पयला राग आला. खोटं कशाला सांगू? माझ्यागत बाईला फशीवलं! चंद्रव्वानं, माझ्या त्या गोगलगाय इहिणीनं! मी पेठभर सांगत फिरले, पाडव्याची पोर, पाडव्याची पोर. मॅडमच्यासमोर आत्ताच छाती काढली. म्हंजे घरातली सगळ्यात मोठी खोट्या तारखेची पुडी मी स्वता मिरवत हुते.

"एवढी वर्सं सांगितलं का न्हाईस?" मी म्हणलं.

"कशी सांगणार? तुमी पुडीवर सुदा अवस ठेवत न्हाई."

राग तिथंच इझला. आन् मग दुसरंच आठवाय लागलं. दर पाडव्याला मी हिला पाटावर बसवून ओवाळते. आन् आदल्या दिवशी, अवसेला, चंद्रव्वाचा फोन यायचा. दर वर्सी, नेमका त्या दिवशी, सकाळी सकाळी. आन् मी काय करायचे? मी रुपालीच्या हातातनं फोन काढून घ्यायचे. "काय बाई हाय, अवसेचा फोन करती! माहेरचं बोलणं उद्या बोल, आज नको," म्हणून बंद करून ठेवायचे. दर वर्सी. ती आई लेकीच्या वाढदिसाला फोन करत हुती, आन् मी तो कापत हुते. आन् ही पोरगी गप बसून मुसळ उचलायची.

रडू आलं, पण माझ्या रडण्यालाबी आवाज लई, म्हणून पदर तोंडात धरला.

कंबरेचा शिक्का काढला. आकडा एक मागं फिरवला. दोनदा चुकून दोन मागं गेला. पयल्या लेबलावर ठप्प करून मारला. वर बघितलं. छत पडलं न्हाय. रुपालीनं लेबल उचललं, पुडीवर चिकटवलं आन् म्हणली, "मारा की, थांबलाय कशाला?"

मारत सुटले. अर्धं झालं न्हाय तर समोरनं गुरुबसप्पा आला. हातात त्याच्या पुड्यांची पाटी आन् एक जाड काळा पेन. मॅडमनी त्यालाबी नोटीस दिलेली. आमच्याच कट्ट्यावर फतकल मारून बसला आन् एकेका पुडीवरचं 'हाताने' खोडाय लागला.

"अंबुबाई," तो म्हणाला, "एवढ्या वर्सांत आपण पयल्यांदाच एका कट्ट्यावर बसून काम करतोय. तुमच्या फोनची कृपा."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याला सोलून काढला असता. त्या दिवशी म्हणलं, "चहा टाकते. पण तुमची मशीन तेवढी माझ्या जेवायच्या येळंला बंद ठेवा."

"ठेवतो की. आन् टेम्पो हाय माझा, खोकी स्टँडवर सोडतो," तो म्हणाला. मेला खरंच गोड माणूस हाय. एवढ्यासाठीच मला आवडत न्हाय.

मॅडम परत आल्या. खोकं उघडून मधल्या, तळातल्या पुड्या काढून बघितल्या. सगळ्यांवर अवस. "आता बरोबर," म्हणाल्या, आन् माल सोडल्याचा कागद रुपालीच्या हातात दिला. जाताना मला म्हणाल्या, "आजी, चटणी छान आहे. तक्रार मात्र पुढच्या वेळी आधी आपल्या घरात करा." पोरगी हुशार हाय. मला तिचा राग आला, पण बरोबर तेच बोलली.

गुरुबसप्पा खोकी टेम्पोत चढवाय लागला. रुपाली पदर खोचून निघाली. मी तिला थांबवलं.

"चंद्रव्वाला फोन लाव."

"आत्या, आज अवस हाय."

"ठावं हाय मला! पुडी पुडीवर मारली की आत्ता. लाव."

तिनं लावला. मी फोन ओढून घेतला. कापायला न्हाय, बोलायला, पण रुपालीच्या तोंडाचा रंग उडालाच. तिकडनं चंद्रव्वाचा आवाज आला, घाबरलेला. अवसेला माझ्या घरनं फोन म्हंजे कुणी गेलंच, असंच तिला वाटलं असणार.

"इहीणबाई," मी म्हणलं, "तुमी धाडलेल्या मालाची तारीख खोटी निघाली. आत्ता कळलं."

तिकडनं हळूच आवाज आला, "अंबुबाई, माझ्या लेकीला काय बोलू नका. खोटं मी बोलले."

"तिला काय बोलणार? एवढी वर्सं वापरलाय माल, नासला न्हाय. परत करत न्हाय मी." "पाडव्याच्या आदल्या दिवशी हितं या. लेकीला तुमी ओवाळा. फोन करू नका, याच."

तिकडनं चंद्रव्वाचा रडायचा आवाज आला, बारीक, कुणाला ऐकू जाऊ नये असा. आन् मी, जिचं घर लोकं आवाजावरनं हुडकतात, ती फोन कानाला धरून गप उभी ऱ्हायले.

रुपालीनं माझ्या हातातनं फोन काढून घेतला. डोळे पुसले आन् म्हणली, "आत्या, चला बाजूला व्हा, बस जाईल."